तीन पायांची तिवई

युरोपात मध्ययुगातली छावणी हुबेहूब उभी करणारी हौशी मंडळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसत नाहीत. त्यांतले बरेच जण सुतारकामाची सुरुवात तिवईपासून करतात. जमीन कितीही उंचसखल असो, तीन पाय डगमगत नाहीत.

बैठकीच्या जाड फळीला गिरमिटाने तिरपी भोके पाडायची आणि पाय बाहेरच्या बाजूला झुकते बसवायचे. खरी खुबी लाकडाच्या ओलाव्यात आहे. पाय पूर्ण वाळलेले हवेत, फळी मात्र किंचित ओली चालते. वाळताना फळी आकसते आणि पायाला घट्ट आवळते. मग पायाच्या वरच्या टोकाला चीर देऊन पाचर ठोकतात. ती फळीच्या रेषांना आडवी असावी, नाहीतर फळीच उभी चिरते. पाय करवतीने कापण्यापेक्षा ओंडका रेषांच्या दिशेने फोडून काढावेत. मेहनत जास्त पडते, पण मजबुतीला तोड नाही.

बाकांना पायांऐवजी दोन उभ्या फळ्याही लावत. १५४५ मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेत बाके आणि स्टुले सापडली आहेत. काळ थोडा उशिराचा असला, तरी नमुना म्हणून चित्रांपेक्षा अशा खऱ्या वस्तूंवर भरवसा ठेवावा, कारण सांधे चित्रात दिसत नाहीत.