मोटारीची स्प्रिंग कापली म्हणजे काय होतें ?

जुन्या वस्तूंचा जीर्णोद्धार करण्याची हौस अनेकांना असते. कोणी बंद पडलेलीं घड्याळें चालू करतो, कोणी जुने ग्रामोफोन जमवितो. अमेरिकेंत अशीच एक हौस जुन्या मालमोटारींची आहे. तिकडे ‘पिकअप’ या नांवानें ओळखली जाणारी लहान मालमोटार शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या दारांत उभी असे. पुढें दोघां-तिघांना बसण्यापुरती खोली आणि मागें उघडा हौदा, असें तिचें रूप. शेतांतल्या चाकोऱ्यांतून जावयाचें म्हणून ती जमिनीपासून बरीच उंच ठेवलेली. आज तीच गाडी हौशी माणसाच्या हातीं येते, तेव्हां तिला डांबरी सडकेखेरीज कोठें जावयाचें नसतें. त्याला वाटतें, हिचें तोंड दोन-अडीच इंच खालीं आलें तर ही किती डौलदार दिसेल ! आणि तो तिच्या पुढच्या स्प्रिंगांना हात घालतो. हें करावें कीं न करावें, आणि करावयाचें तर कोठवर, याचा उलगडा शाळेंत शिकलेल्या पदार्थविज्ञानानें होतो. तोच आज आपणांपुढें मांडण्याचा विचार आहे.

प्रथम गाडीची रचना पाहूं. उदाहरणासाठीं शेव्हरोले कंपनीची १९६७ ते १९७२ या काळांतील ‘सी-१०’ ही पिकअप घ्या. फार जुन्या मालमोटारींत पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आंस असे. या कंपनीनें १९६० सालीं आपल्या हलक्या मालमोटारींतून तो काढून टाकला व प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होईल अशी योजना केली. १९६३ पासून तेथें वेटोळ्यांची स्प्रिंग आली. या योजनेंत एक भक्कम लोखंडी भुजा असते. तिचें एक टोंक बिजागरीप्रमाणें गाडीच्या सांगाड्याला जोडलेलें आणि दुसऱ्या टोंकाशीं चाक. स्प्रिंग या भुजेवर, साधारण मधोमध उभी असते व तिच्या डोक्यावर सांगाड्याचा भार येतो. येथें तरफेचा नियम लागू पडतो. स्प्रिंगेची उंची १ सेंटीमीटरनें कमी झाली तर चाकाच्या ठिकाणीं गाडी सुमारें २ सेंटीमीटर खालीं येते. आणि चाकावर ४५० किलोचा भार असेल तर स्प्रिंगेवर ९०० किलोचा पडतो.

आतां स्प्रिंगेचा नियम. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें तो १६७६ सालीं प्रसिद्ध केला, पण अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपानें ! कोड्याचा उलगडा त्यानें १६७८ सालीं केला. नियम साधा आहे : जितका भार, तितका दाब. भार दुप्पट केला कीं स्प्रिंग दुप्पट दबते.

या नियमावर एक हिशेब करूं. आंकडे सोयीसाठीं घेतलेले आहेत, परंतु ते वस्तुस्थितीपासून फार दूर नाहींत. समजा, मोकळी असतांना स्प्रिंग ४० सेंटीमीटर उंच आहे व तिला १० वेढे आहेत. ९०० किलोच्या भाराखालीं प्रत्येक वेढा १ सेंटीमीटर दबतो. म्हणजे सारी स्प्रिंग १० सेंटीमीटर दबून ३० सेंटीमीटर उरते. आतां एक वेढा कापला. मोकळी उंची ३६ सेंटीमीटर झाली. भार तोच असल्यानें उरलेल्या नऊ वेढ्यांपैकीं प्रत्येक पूर्वीप्रमाणेंच १ सेंटीमीटर दबेल. एकूण दाब ९ सेंटीमीटर आणि उंची २७. स्प्रिंग ३ सेंटीमीटरनें बसली. तरफेच्या नियमानें गाडीचें तोंड ६ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच इंच खालीं आलें. हौशी माणसाचें काम झालें !

परंतु याच हिशेबांत एक गोष्ट लपलेली आहे. पूर्वीं ९०० किलोला १० सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग आतां तेवढ्याच भाराला ९ सेंटीमीटर दबते. म्हणजे कापलेली स्प्रिंग अधिक ताठ होते. पुष्कळांची समजूत उलट असते. कापल्यानें ती दुबळी होत असेल, असें त्यांना वाटतें. वास्तविक, काप थंडपणें घेतला तर तारेवरचा ताण वाढत नाहीं. दाब वांटून घेणारे वेढे तेवढे कमी होतात.

गाडी थोडी ताठ झाली, एवढ्यावर भागलें असतें तर तक्रार करण्याचें कारण नव्हतें. खरा प्रश्न निराळाच आहे. चाक वर उचललें जातां जातां एका ठिकाणीं रबरी ठोकळ्यावर आदळतें. त्यापुढें स्प्रिंगेचें काम संपतें आणि धक्का सरळ सांगाड्याला बसतो. समजा, मूळच्या गाडींत चाकाला वर जाण्यास ९ सेंटीमीटर वाट होती. गाडी ६ सेंटीमीटर खालीं आणली म्हणजे ती वाट ३ सेंटीमीटर उरली. स्प्रिंग जो धक्का सोसते तो तिच्या ताठपणाच्या आणि उरलेल्या वाटेच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. ताठपणा एक-नवमांशानें वाढला, परंतु वाट तिसऱ्या हिश्श्यावर आली व तिचा वर्ग नवव्या हिश्श्यावर. दोहोंचा गुणाकार केला असतां उत्तर येतें कीं, स्प्रिंगेची धक्का सोसण्याची शक्ति मूळच्या सुमारें एक-अष्टमांश उरली. जो खड्डा पूर्वीं जाणवतहि नव्हता, तो आतां सांगाड्यावर घणाचा घाव घालील. चाक ठोकळ्यावर टेकलें असतां वळणावर खड्डा आला, तर टायरची रस्त्यावरील पकड क्षणभर सुटते; आणि वळणावरचा एक क्षण पुरेसा असतो.

एवढें जाणूनहि ज्याला थोडें खालीं यावयाचें आहे, त्यानें कांहीं पथ्यें पाळलींच पाहिजेत. पहिलें पथ्य जिवाचें आहे. गाडीवर असलेल्या स्प्रिंगेत केवढी शक्ति कोंडलेली असते तें पाहा. ० ते ९०० किलो या भाराची सरासरी ४५० किलो, आणि दाब १० सेंटीमीटर. म्हणजे ४५ किलोचें पोतें एक मीटर उंच उचलण्यास जेवढें काम पडतें, तेवढें तीत सांठलेलें. ती अवचित सुटली तर हें सारें काम क्षणार्धांत बाहेर पडतें. म्हणून स्प्रिंग आवळून धरणाऱ्या योग्य हत्याराशिवाय, आणि गाडी केवळ जॅकवर ठेवून, तिला हात लावूं नये. हें काम जाणत्या कारागिराचें आहे.

दुसरें पथ्य पोलादाचें. स्प्रिंगेच्या पोलादाला विशिष्ट रीतीनें पाणी दिलेलें असतें. तिचा सारा गुण त्या पाण्यांत आहे. कांहीं लोक कापण्याचे कष्ट वांचवून गॅसच्या ज्योतीनें वेढे लाल करतात. गाडी आपल्या भारानें खालीं बसते. पण तेवढ्या जागेंतलें पाणी उतरतें. तें वेढे हळूहळू अधिक बसत जातात, आणि नरम व कडक भागांच्या सीमेवर स्प्रिंग एखादे दिवशीं मोडते. म्हणून कापावयाचें तें पातळ चकतीनें, तार तापूं न देतां. काप थोडाथोडा घ्यावा, प्रथम अर्धा वेढा. कारण कापलेलें पुन्हां जोडतां येत नाहीं. दोन्ही बाजू सारख्या कापाव्या, आणि टोंक आपल्या खांचेंत नीट बसतें कीं नाहीं तें पाहावें. जिचीं दोन्ही टोंकें घासून सपाट केलेलीं असतात, ती स्प्रिंग कापूंच नये. कापल्यावर तिला बैठक उरत नाहीं.

याहून जुन्या मालमोटारींत पुढें पाट्यांची स्प्रिंग असते. तेथें एखादा पाटा काढून गाडी खालीं आणतात. मौज अशी कीं, येथें परिणाम उलट होतो. सात पाट्यांतला एक काढला कीं भार सहांनीं वाहावयाचा. स्प्रिंग नरम होते आणि प्रत्येक पाट्यावरचा ताण सुमारें एक-षष्ठांशानें वाढतो. वेढा कापल्यानें ताठपणा वाढतो, पाटा काढल्यानें तो घटतो. पण ठोकळ्यापर्यंतची वाट दोन्हींकडे सारखीच आखूड होते.

मग वाट न गमावतां गाडी खालीं आणण्याचा उपाय नाहीं काय ? आहे. ज्या खुंटीवर चाक फिरतें, ती मूळच्या जागेहून वर बसविलेला सुटा भाग मिळतो. तो बसविला कीं चाक होतें तेथेंच राहून गाडी तेवढी खालीं येते. स्प्रिंग, भुजा आणि ठोकळा यांचें परस्पर अंतर बदलत नाहीं. खर्च अधिक, परंतु गणित शाबूत राहतें. कोणताहि मार्ग घेतला तरी नंतर चाकांची अलाइनमेंट, ब्रेकच्या नळ्या आणि पुढच्या दिव्यांचा रोख तपासून घेतलाच पाहिजे.

गाडी अशी खालीं बसविण्याची चाल मुख्यत्वें कॅलिफोर्नियांतील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ केली. १९५८ पासून तेथें असा कायदा झाला कीं, फेरफार केलेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताहि भाग रिमच्या खालच्या कडेहून खालीं असूं नये. त्यावर तोड म्हणून १९५९ सालीं रॉन अगीरे या तरुणानें आपल्या मोटारीला द्रवदाबाचीं नळकांडीं बसवून ती हवी तेव्हां वर, हवी तेव्हां खालीं करण्याची युक्ति काढली. तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून रद्द झाला आहे. आपला नाद हा आपल्या संस्कृतीचा भाग आहे, हें त्या समाजाचें म्हणणें अखेर मान्य झालें. तथापि, टायर फुटला म्हणजे गाडी रिमवर उतरते हा सृष्टीचा नियम कोणत्याहि विधिमंडळाला रद्द करतां येत नाहीं. आणि त्या वेळीं रिमखालीं लोंबणारा भागच प्रथम रस्त्याला टेकतो. आपल्याकडेहि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, हें ध्यानांत ठेवावें.

सारांश, गाडीची उंची ही नुसती शोभेची बाब नव्हे. ती चाकाला दिलेली वाट आहे. त्या वाटेंतून शोभेसाठीं किती द्यावयाचें, हें करवत हातीं घेण्यापूर्वीं पाटीवर मांडून पाहावें. उत्तर मनासारखें आलें नाहीं, तर निदान गाडी तरी शाबूत राहील.