गाडी वेगवान, रस्ता बर्फाचा: हिवाळी टायर आणि चाकाचं माप

आजचा विषय फलकावर वाचून काही जणांनी फोन करून विचारलं, की सर, तत्त्वज्ञान सोडून गॅरेज काढलंत की काय? तसं नाही. मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘व्याप्ती’ आणि ‘उपाधी’ या न्यायदर्शनातल्या कल्पना बघितल्या. त्या जुन्या पोथीतून उठून एखाद्या रस्त्यावर कशा येतात, हे सांगायला आम्हाला एक उदाहरण हवं होतं. ते आम्हाला स्टुटगार्टला मिळालं, आणि जरा महागात मिळालं.

आमचा पुतण्या तिथे नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने जुनी बीएमडब्ल्यू एम३ घेतली, २०१४ ते २०१८ या काळात निघालेल्या पिढीतली. ४३१ अश्वशक्ती, ५५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ही सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. मर्सिडीज आणि पोर्शच्या गावात राहून म्युनिकची गाडी घेतली म्हणून शेजारी त्याला अजून टोमणे मारतात, पण तो वेगळा विषय. आम्ही उभयता नोव्हेंबरात त्याच्याकडे गेलो होतो. स्टुटगार्ट शहर एका खोलगट वाटीत वसलंय आणि तो राहतो वरच्या बाजूला, डेगरलोखला. म्हणजे घरातून निघालं की उतार आलाच.

त्या सकाळी पहिला बर्फ पडला. भुरभुरीत नव्हे, ओला, चिखलासारखा. गाडीला अजून उन्हाळी टायर होते. ‘‘काका, दोनच किलोमीटर तर जायचंय, आणि दहाच्या वेगाने जाऊ,’’ असं तो म्हणाला. आम्हीही बसलो. पहिल्याच वळणाआधी त्याने ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची धडधड सुरू झाली, आणि गाडी मात्र अगदी शांतपणे, कसलीही घाई नसल्यासारखी, पुढे जातच राहिली. समोर पादचाऱ्यांच्या पट्ट्यावर बाबागाडी घेऊन एक बाई उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि बाबागाडी मागे ओढली. आमचं उजवं चाक फुटपाथच्या दगडावर आदळलं आणि आम्ही थांबलो. वेग दहाच्या वर नव्हता. हिने मागच्या सीटवरून आमचा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ होता.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, ‘‘चूक गाडीची आहे. चारही चाकांना ताकद देणारी गाडी घ्यायला हवी होती.’’ इथे आमचं शास्त्र जागं झालं.

आपलं जुनं उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती खरी. पण उलटी करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हटलं तर ती टिकत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं इंधन लागतं. ते ओलं इंधन म्हणजे उपाधी, बोलताना गाळलेली अट. आता ‘जिथे चारही चाकांना ताकद, तिथे बर्फावर सुरक्षितता’ हे विधान घ्या. गाळलेली अट कुठली? टायर. चारही चाकांना ताकद असली तर गाडी निघताना घसरत नाही, चढ चढते. पण थांबताना? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात! त्या बाबतीत ती गाडी आणि आमची एम३ अगदी सारख्या. उलट, सहज निघता येतं म्हणून चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही, आणि ते कळतं पहिला ब्रेक दाबल्यावर.

मग टायर म्हणजे नेमकं काय बदलतं? बहुतेकांना वाटतं, हिवाळी टायर म्हणजे खोल खाचा. खाचा आहेतच, पण पहिली गोष्ट रबराची. रबर जसजसं थंड होतं तसतसं ते कडक होत जातं, आणि एका टप्प्यानंतर काचेसारखं वागू लागतं. वेगवान गाड्यांच्या उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या डांबरासाठी घडवलेलं असतं, शून्याच्या आसपास ते ताठरतं. शर्यतीच्या धाटणीच्या काही टायरांबद्दल तर कंपन्या लेखी बजावतात, की कडक थंडीत गाडी हलवूसुद्धा नका, रबराला तडे जातील. हिवाळी टायरचं मिश्रण वेगळं, त्यात सिलिका भरपूर, ते थंडीतही मऊ राहतं. मऊ राहिलं की रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरतं. पकड तिथून येते.

दुसरी गोष्ट त्या बारीक चिरांची. टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडने कापल्यासारख्या नागमोडी चिरा दिसतात ना, त्या. चाक फिरताना त्या उघडतात, बर्फ चिमटीत धरतात. आणि गंमत बघा, बर्फावर रबरापेक्षा बर्फच चांगला चिकटतो. मुलं हातात बर्फ दाबून गोळा करतात, तो का होतो? तेच इथे. म्हणून हिवाळी टायरच्या खाचांत बर्फ अडकलेला दिसला तर तो काढत बसू नये, तो काम करतोय.

घर्षण कमी झालं की काय होतं ते साध्या हिशेबाने बघू. ताशी ५० किलोमीटर वेग, सपाट रस्ता. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर थांबायला सुमारे ३३ मीटर लागतात. तो निम्मा, ०.१५ झाला, तर ६६ मीटर. गुणांक आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, पण नातं पक्कं आहे: पकड निम्मी, अंतर दुप्पट. यात अश्वशक्ती कुठेच येत नाही.

आता तो सात अंशांचा नियम. तापमान सात अंशांखाली गेलं की टायर बदला, असं जर्मनीत सगळे सांगतात. आम्ही पुतण्याला विचारलं, म्हणजे आठ अंशांना उन्हाळी टायर सुरक्षित आणि सहाला घातक? वाळूच्या ढिगाचा जुना ग्रीक पेच आहे हा: एकेक कण काढत गेलं तर ढीग नेमका कधी संपतो? सात हा आकडा निसर्गाने आखलेली रेघ नव्हे. कोरड्या रस्त्यावर पाच अंशांतही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा कमी अंतरात थांबू शकतो. पण सकाळी पाच अंश असलेल्या गावात रात्री दव गोठतं, आणि टायर काही रोज बदलता येत नाहीत. रेघ धूसर आहे म्हणून ती ओढायचीच नाही, असं होत नाही. जर्मन लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा धरतात, त्यांच्या भाषेत दोन्ही शब्द ‘ओ’ने सुरू होतात. आपण मृगाच्या आधी कौलं चाळून घेतो तसंच.

कायदा मात्र तारीख सांगत नाही. जर्मनीत २०१० पासून स्पष्ट नियम आहे: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेलं दव असेल तर हिवाळी टायर हवेतच. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरच्या बाजूवर तीन शिखरं आणि त्यात हिमकण हे चिन्ह लागतं. पूर्वी नुसती ‘एम+एस’ ही अक्षरं चालत. ती अक्षरं कंपनी नक्षी बघून स्वतःच छापू शकते; शिखराच्या चिन्हासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागते. ‘आप्तवाक्य’ प्रमाण मानायचं तर आप्त कोण हे आधी तपासावं लागतं, ते असं.

आता मापाकडे येऊ, कारण खरं भांडण तिथे झालं. पुतण्याच्या गाडीला १९ इंची चाकं. पुढे २५५/३५ आर १९, मागे २७५/३५ आर १९. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे पुढच्या टायरची भिंत जेमतेम ८९ मिलिमीटर. त्याला हिवाळ्यातही १९ च हवे होते, कारण लहान चाक या गाडीवर ‘पोरकं’ दिसतं म्हणे. आम्ही कागद पेन्सिल घेतली. १९ इंच म्हणजे ४८२.६ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंच्या भिंती मिळवल्या की पुढच्या चाकाचा एकूण व्यास ६६१.१. आता याच गाडीला मान्य असलेलं १८ इंची माप घ्या, २५५/४० आर १८. व्यास येतो ६६१.२! मागचं २७५/४० आर १८ घेतलं तर ६७७.२, आधी होतं ६७५.१. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे वेगदर्शक फसत नाही, घसरण आवरणारी यंत्रणाही गोंधळत नाही. फक्त लोखंडाच्या जागी रबर येतं.

(श्रोत्यांतून: अ‍ॅल्युमिनियमच्या.) बरोबर, अ‍ॅल्युमिनियमच्या. आभारी आहोत.

तर एवढ्याने मिळतं काय? भिंत ८९ वरून १०२ मिलिमीटर झाली. बर्फाखाली खड्डा दिसत नाही, फुटपाथची कड दिसत नाही, तिथे ते तेरा मिलिमीटर रिम वाचवतात. आमच्या त्या सकाळच्या धडकेत रिमला पोचा पडला आणि टायरची भिंत चिरली, ते बिल आम्ही बघितलं आहे. शिवाय १८ चे टायर सहसा स्वस्त, आणि रस्त्यावरच्या मिठाने खराब व्हायचंच असेल तर साधं चाक होऊ दे.

रुंदीचं काय? कोरड्या रस्त्यावर रुंद टायर चांगला, पण चिखलबर्फात तो होडीसारखा तरंगायला लागतो. अरुंद टायर तेच वजन अरुंद पट्ट्यावर टाकतो, चिखल कापत खाली जातो. म्हणून हिवाळ्यात कागदपत्रांत मान्य असलेल्या मापांपैकी अरुंद बघावं. मात्र ‘मान्य असलेल्या’ हे शब्द विसरू नका. गाडीच्या मोठ्या ब्रेकवर लहान रिम बसतच नाही. याच एम३ला सिरॅमिक ब्रेक असतील तर १८ इंचांचा विचार सोडावा लागतो. बोल्टची रचना या गाडीला ५ गुणिले १२०, शिवाय रिम किती आत किंवा बाहेर बसते तो ‘ईटी’ आकडा, आणि वजन व वेगाचा निर्देशांक. हिवाळी टायर बऱ्याचदा ‘व्ही’ म्हणजे २४० पर्यंतचा असतो. गाडी त्याहून जोरात धावत असेल तर जर्मनीत चालकासमोर तसा स्टिकर लावून तो वापरता येतो. पुतण्याला तो स्टिकर फार लागला. डॅशबोर्डवर कुणीतरी कायमचं ‘जरा दमाने’ असं लिहून ठेवल्यासारखं!

हवेचंही सांगायला हवं. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने घटतो. म्हणून थंडीत महिन्यातून एकदा तरी, गाडी थंड असताना, दाब बघावा. आणि चाकं बदलल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत.

शेवटचा प्रश्न तिकडून आला होता, की जुने हिवाळी टायर स्वस्तात मिळतात, ते घ्यावेत का? टायरच्या बाजूवर डीओटी पुढे चार आकडे असतात. ३६२१ म्हणजे २०२१ सालचा छत्तिसावा आठवडा. ते वाचा. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, पण बर्फासाठी चार मिलिमीटरखाली गेलेला टायर हिवाळी म्हणून बाद समजावा. शेजारच्या ऑस्ट्रियात तर तो कायदाच आहे. पुतण्याने एका विक्रेत्याकडून असाच एक संच आणला होता. नक्षी सात मिलिमीटर, अगदी नवा वाटणारा, पण आकडे नऊ वर्षांपूर्वीचे. नखाने दाबलं तर रबर दबेना. तो संच परत गेला. त्याच्या जागी १८ चा नवा संच आला तेव्हा आम्ही पुण्याला परतलो होतो. डिसेंबरात त्याने फोटो पाठवला, त्याच उतारावरचा. गाडी पादचाऱ्यांच्या पट्ट्याच्या दोन मीटर अलीकडे उभी होती. खाली लिहिलं होतं, ‘‘काकूंना दाखवा.’’