विटेचा वीट

बुधवारी दुपारी पावणेचार वाजता माझा लॅपटॉप गेला. गेला म्हणजे चोरीला नाही हो, समोर बसल्या बसल्या डोळे मिटले त्याने. अर्धी ओळ टाइप झाली होती, "शाळेच्या मागच्या द्राक्षबागेत", आणि पडदा काळा.

खरं तर दोन महिने तो मला इशारे देत होता. बॅटरी वर्षभरापूर्वीच संपली होती, त्यामुळे त्याचा सगळा जीव त्या वायरीवर. आणि वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चालायची. मी कपड्यांच्या दोरीवरचा एक चिमटा आणून ती वायर टेबलाच्या कडेला त्या कोनात पकडून ठेवली होती. स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं! त्या दुपारी चिमटा वर केला, खाली केला, वायर पिळून पाहिली. एकदा क्षणभर दिवा लागला आणि गेला तो गेलाच.

मी घरी बसून मराठी टायपिंगची कामं घेते. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला जाऊन सरकारी परीक्षा दिली होती, तीच विद्या पन्नाशीनंतर कामाला आली. (गोदरेजचं ते यंत्र! १९५५ साली गोदरेजने पहिलं भारतीय टाइपरायटर बनवलं म्हणतात. करंगळी दुखायची, पण त्याला ना बॅटरी ना वायर.) हा लॅपटॉप मी सहा वर्षांपूर्वी भिशीच्या आणि टायपिंगच्या पैशातून घेतला. घरातली माझ्या एकटीच्या पैशाची ती पहिली मोठी वस्तू.

हातातलं काम होतं दिंडोरी तालुक्यात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या आठवणींचं. शाईच्या पेनाने लिहिलेली २१२ पानं. रविवारी त्यांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम, त्यात पुस्तक द्यायचं. छापखान्याला शुक्रवारी रात्रीपर्यंत फाइल हवी. १८० पानं झाली होती आणि ती फक्त त्या काळ्या पडलेल्या पेटीत होती. दुसरीकडे कुठेही नाही. पेन ड्राइव्ह होता, पण तो देवघराच्या खणात, नातवाच्या बारशाचे फोटो पोटात घेऊन. तुम्ही हसाल, पण त्या क्षणी माझे हात गार पडले होते.

घरात कुठे काही बंद पडलं की पहिल्यांदा उघडतो तो कपाटाचा खालचा खण. तुमच्याकडेही असणार असा एक खण. तारांचा गुंता, आणि त्यात काळ्या विटा. कुठल्या तरी काळी कुठल्या तरी वस्तूबरोबर आलेल्या. किल्ल्यांच्या जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी तशी मी एकेक पिन लॅपटॉपच्या भोकात घालून पाहिली. सातापैकी एक बसली! अगदी घट्ट. आता बटण दाबणार, तेवढ्यात आतून हाक, "अगं, चहाचं काय झालं?" चिडून उठले. चहा होईपर्यंत वाटलं, उद्या विचारूनच लावावी. त्या चहाचे उपकार मला दुसऱ्या दिवशी कळले.

चहा पिता पिता आमचे हे म्हणाले, "सहा वर्षं झाली ना? पुरे आता. तसेही तुझे डोळे दुखतात." हे प्रेसमधून निवृत्त झाले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये जन्म काढलेल्या माणसाला मशीन आणि निवृत्ती दोन्ही फार साधी वाटतात. पुण्याहून लेकाचा फोन आला. तो म्हणाला, "आई, नवीनच घे ना. ऑनलाइन मागवतो, सोमवारपर्यंत येईल." दोघांच्याही बोलण्यात माया होती, नाही म्हणत नाही. पण एकाने माझं कामच बंद करून टाकलं आणि दुसऱ्याने ते सोमवारवर ढकललं. वायर कुठे तुटली आहे, हे दोघांनीही विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

गुरुवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून आधी घराजवळच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने बटण दोनदा दाबलं आणि सांगितलं, "काकू, बोर्ड गेलाय. साडेआठ हजार. दोन दिवस ठेवून जा." मी म्हटलं, "दुसरा चार्जर लावून पाहिला का?" तर म्हणे, या पिनचा चार्जर आमच्याकडे नाही. मग बोर्ड गेला हे कळलं कसं? हे मी मोठ्याने विचारलं नाही, मनातच ठेवलं. पिशवी उचलली, सिटीलिंकची बस पकडून शालिमारला उतरले आणि एम. जी. रोड गाठला.

एम. जी. रोड म्हणजे नाशिकची मोबाइलवाल्यांची पंढरी. त्या गर्दीत विचारत विचारत एका जिन्यावरच्या दुकानात पोचले. दुकान कसलं, आपलं स्वयंपाकघर मोठं असेल! भिंगाचा दिवा लावून एक गृहस्थ बसले होते. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "वीट आणलीय ना? द्या."

आणि मग त्यांनी एक मीटर काढला, त्याच्या दोन सुया माझ्या हातात दिल्या. "तुम्हीच बघा काकू." एक सुई पिनच्या आत, एक बाहेरच्या अंगाला. मीटरवर शून्य. त्यांनी पिनजवळची वायर जराशी वाकवली. १९.४. सोडली, शून्य. पुन्हा वाकवली, १९.४. माझ्या डोळ्यांसमोर माझा लॅपटॉप जिवंत होत होता आणि मरत होता. वीट ठणठणीत होती. वायर पिनच्या मानेशी आतून तुटली होती, वरचं रबर तेवढं शाबूत.

"असं कसं झालं?" मी विचारलं. त्यांनी उत्तर न देता विटेभोवती मी गुंडाळलेली वायर दाखवली. घट्ट, नीटनेटकी, वर रबर बँड. रोज काम झालं की अशीच गुंडाळायची मी. पसारा नको म्हणून! आतल्या तांब्याच्या तारा केसाएवढ्या बारीक असतात, रोज एकाच जागी मुडपल्या की एकेक करून तुटत जातात. उरलेल्या दोनचार तारांवर सगळा भार येतो. माझ्या चिमट्याची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र ते गंभीर झाले. तुटक्या जागी ठिणग्या पडतात, जागा तापते, रबर वितळतं. "टेबलावर कागद होते ना? नशीब समजा."

मग त्यांनी वीट उलटी करून पाठीवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. चष्मा पुसून वाचली. सहा वर्षांत पहिल्यांदा! आत जाणारी वीज १०० ते २४० व्होल्ट, म्हणजे आपली घरची २३० चालते. बाहेर पडणारी १९.५ व्होल्ट, ३.३३ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार ६५ वॅट. व्होल्ट म्हणजे नळाच्या पाण्याचा दाब समजा, तो लॅपटॉपला लागतो तेवढाच हवा. अँपिअर म्हणजे वीट किती पाणी पुरवू शकते ते. तो आकडा जास्त असला तर चालतो, कारण लॅपटॉप हवं तेवढंच ओढतो. कमी असला तर वीट तापते, धापा टाकते. आणि पिनचं चित्र असतं, आतला भाग अधिक की उणा, तेही जुळायला हवं. पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही.

इथे मी माझ्या खणातल्या त्या घट्ट बसलेल्या विटेची हकिगत सांगितली. पर्समध्ये आणलीच होती. त्यांनी पाठ वाचली. २४ व्होल्ट. सासूबाईंच्या पायाच्या मसाजरची! मसाजर केव्हाच भंगारात गेला, वीट राहिली. "ही चालू केली असती ना," ते म्हणाले, "तर बोर्ड खरंच गेला असता बहुतेक."

नवीन चार्जर घ्यायचा तर? त्यांच्याकडे दोन होते. एक पाचशेचा, एक अठराशेचा. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. पाचशेचा भाजलेल्या वांग्यासारखा हलका. आत माल कमी, म्हणून वजन कमी, असं त्यांचं म्हणणं. वजनावरून नेहमीच कळतं असं नाही, पण पाठीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, हे तरी पाहावं. २०१२ च्या सरकारी आदेशाने लॅपटॉपना ही नोंदणी सक्तीची केली, त्यांचे ॲडॅप्टर त्यात नंतर आले. पाचशेच्या पाठीवर इंग्रजी चिकार होतं, क्रमांक नव्हता. शिवाय काही कंपन्यांच्या पिनच्या मधोमध सुईसारखी एक बारीक तार असते. तीतून लॅपटॉप विटेला ओळखतो. ओळख पटली नाही की चालतो, पण बॅटरी भरत नाही. माझ्या पिनमध्ये ती सुई होती, आणि दुखणं नेमकं त्या मानेशीच.

मी म्हटलं, "आज जोडून द्या. अठराशेचा या कामाचे पैसे आले की नेते." त्यांनी तुटक्या जागेच्या वर चार बोटं वायर कापली, नव्या पिनची दोरी घेतली, एकेक तार वेगळी करून डाग दिला. सराफ बाजारात मंगळसूत्राची तार जोडतात ना, तसाच. प्रत्येक जोडावर एक बारीक नळी सरकवली, गरम हवा सोडली, नळी आक्रसून घट्ट बसली. वीट उघडायची गरजच पडली नाही. ती घरी कधीच उघडू नका, असंही बजावलं. २३० व्होल्टची वीज आत सरळ केली की सव्वातीनशेच्या घरात जाते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ साठून राहते. वीस मिनिटं लागली. दीडशे रुपये.

लॅपटॉप सुरू झाला तेव्हा पडद्यावर तीच ओळ, "शाळेच्या मागच्या द्राक्षबागेत". मला रडूच आलं. ते गृहस्थ दुसरीकडे पाहत म्हणाले, "आधी कॉपी करा." त्यांच्याकडूनच पेन ड्राइव्ह घेतला आणि तिथेच स्टुलावर बसून १८० पानं त्यात उतरवली.

शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला फाइल छापखान्यात पोचली. हे तोवर जागे होते. दोनदा येऊन जोडाच्या जागेला हात लावून पाहून गेले, तापतोय का म्हणून. काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा आले तेव्हा हातात चहा होता.

लेक म्हणतो, आता सगळ्यांना टाइप-सी येतंय, हा गुंता राहणार नाही. युरोपात नव्या लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही मुदत ठरवली गेली, आपल्या मानक ब्यूरोनेही २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक जाहीर केलं. येवो बापडं. माझ्या खणातल्या विटांना त्याचं काय?

त्या मी परवा सगळ्या बाहेर काढल्या. पाठी वाचल्या, प्रत्येकीवर पांढरी पट्टी चिकटवून कुणाची आणि किती व्होल्टची ते लिहिलं. लॅपटॉपची वायर आता लोकरीच्या लडीसारखी सैल गोल करून ठेवते. मसाजरची आणि आणखी तीन अनाथ विटा ई-कचऱ्यात द्यायला पिशवीत भरल्या. एक मात्र कशाची ते कुणालाच सांगता येईना. पाठीवरची अक्षरंही पुसलेली. मी ती पिशवीत टाकणार, तर ह्यांनी हातातून काढून घेतली.

"असू दे," म्हणाले, "लागेल कधीतरी."