मोटार गर्दींत कां तापते?

कापसाच्या हंगामांत हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेली पिकअप मोटार जामपासून राष्ट्रीय महामार्गानें भरधाव येते, तेव्हां तिच्या उष्णतामापकाचा कांटा मध्यावर स्थिर असतो. पुढें बाजाराच्या फाटकाशीं गाड्यांची रांग लागते, मोटार हातहात पुढें सरकूं लागते, आणि कांटा मात्र तांबड्या रेघेकडे धांव घेतो. धांवतांना थंड आणि थांबली कीं तप्त, ही विसंगति प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते. परंतु रोगाचें निदान त्या विसंगतींतच आहे.

एंजिनांत इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकीं स्थूलमानानें एक तृतीयांशच गाडी ओढण्याच्या कामीं येते. साधारण तितकीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली बहुतेक उष्णता एंजिनाभोंवतीं फिरणाऱ्या पाण्यास वाहून न्यावी लागते. हें पाणी पंपाच्या जोरानें रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येतें व तेथें वाऱ्याच्या स्पर्शानें निवतें. पाणी उष्णता आणून देतें खरें, पण ती अखेर काढून नेतो तो वाराच. धांवत्या मोटारीस वारा फुकट मिळतो. उभ्या मोटारीस तो पंख्यानें ओढून घ्यावा लागतो. ही अडचण बरीच जुनी आहे. १९०० सालीं विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्यानें पहिल्या मर्सिडीझ मोटारीकरितां मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर रचला, तेव्हां मंद गतींत वारा पुरावा म्हणून त्यामागें एक पंखाहि बसविला होता.

त्यांत वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा कडक. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. रेडिएटरमधील पाणी ९५ अंशांवर असेल, तर हिवाळ्यांतील २० अंशांच्या हवेशीं त्याचा फरक ७५ अंशांचा होतो. ४५ अंशांच्या हवेशीं तो अवघा ५० उरतो. उष्णता साधारणपणें या फरकाच्या प्रमाणांत बाहेर पडते. म्हणून त्याच रेडिएटरचें सामर्थ्य एक तृतीयांशानें घटतें. जानेवारींत लपून राहिलेला दोष एप्रिलांत उघडा पडतो, तो यामुळें.

निदान करतांना पहिला प्रश्न विचारावा तो हा: गाडी तापते केव्हां? केवळ गर्दींत तापत असेल, तर दोष बहुधा वाऱ्याच्या वाटेंत असतो. भरधाव जातांना किंवा भार घेऊन चढ चढतांना तापत असेल, तर तो पाण्याच्या वाटेंत शोधावा: आंतून चोंदलेला रेडिएटर, नीट न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा झिजलेला पंप. पाणी वरचेवर कमी होत असेल, तर गळती पाहावी. गळती दिसत नसतां रेडिएटरांत बुडबुडे येत असतील, अथवा तेल दुधाळ झालें असेल, तर एंजिनाच्या डोक्याखालील गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा.

वाऱ्याच्या वाटेची तपासणी पुढून मागें करावी. कापूस वाहणाऱ्या गाडींत रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्यें कापसाचे तंतु व धूळ यांचा थर बसतो. थंडाव्याचें यंत्र असल्यास त्याच्या जाळीच्या व रेडिएटरच्या फटींत तो विशेष सांपडतो. एंजिन थंड असतां पंख्याच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस मंद धारेनें पाणी मारून तो काढावा. जोराच्या धारेनें पत्रे वांकतात व वाट अधिकच बंद होते.

नंतर पंखा. तो विजेचा असल्यास फ्यूज, रिले, तारांचे जोड व उष्णतेवर चालणारा स्विच हीं पाहावीं. पट्ट्यावरचा असल्यास प्रथम पट्टा ढिला आहे काय, तें तपासावें. अशा पुष्कळ पंख्यांत दाट सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. एंजिन बंद करून, किल्ली काढून, गाडी गरम असतां पंखा हातानें फिरवावा. तो जड फिरावा. स्वैर गरगर फिरला अथवा क्लचवर तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच बदलावा. पंख्याभोंवतीचें आवरणहि जागेवर हवें. तें नसल्यास पंखा रेडिएटरमधून वारा न ओढतां बाजूचीच गरम हवा घुसळीत राहतो.

थर्मोस्टॅट काढून टाकावा, असा सल्ला पुष्कळदां मिळतो. तो हितावह नाहीं. त्यायोगें दोष बरा होत नाहीं. एंजिन मात्र योग्य उष्णतेस उशीरां पोंचतें, इंधन अधिक जळतें व झीज वाढते. तसेंच विहिरीचें जड पाणी भरल्यास क्षार सांचून नळ्या बुजतात. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट यांचें निर्मात्यानें सांगितलेलें मिश्रणच वापरावें.

रांगेंत कांटा चढूं लागला, तर थंडाव्याचें यंत्र बंद करून हीटर चालू करावा. वैशाखांत हें विपरीत वाटेल, पण हीटर हा एक लहान रेडिएटरच होय. तो एंजिनाची कांहीं उष्णता काढून घेतो. कांटा तांबड्या रेघेस भिडला, तर गाडी कडेस घेऊन एंजिन बंद करावें. कांटा एकाएकीं खालीं आला, तरी हायसें वाटूं देऊं नये. पाणी संपून मापक कोरडा पडल्यासहि तो खालीं येतो.

सर्वांत महत्त्वाची सूचना झांकणाविषयीं. तें दाब धरून ठेवतें, म्हणून आंतील पाणी १०० अंशांपलीकडे जाऊनहि उकळत नाहीं. गरम असतां झांकण उघडलें, कीं दाब नाहींसा होऊन त्या पाण्याचा कांहीं भाग तत्क्षणीं वाफ होतो आणि कढत फवारा तोंडावर व हातांवर येतो. निदान अर्धा तास तरी थांबावें. वरची नळी हातास थंड लागल्याखेरीज झांकणास स्पर्श करूं नये. तप्त एंजिनावर गार पाणीहि ओतूं नये. ओतीव धातूस तडा जाण्याचा संभव असतो. बाजाराची पाळी एक दिवस चुकली, तर दुसऱ्या दिवशीं येते. भाजलेला चेहरा आणि तडकलेलें एंजिन यांची भरपाई इतकी सोपी नसते.