थंड हवेचे मोल

मे महिन्यातील दुपार. नागपूर-हैदराबाद राजमार्गावरून मालमोटारी धावत असतात. पण इचोड्याच्या वस्तीत मात्र रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात ह्या दिवसांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पूर्वी आपली माणसे निंबाच्या सावलीला बसत किंवा दाराला वाळ्याचा पडदा बांधून त्यावर पाणी मारीत. पुढे घरोघर कूलर आले, आणि आता कित्येक घरांत वातानुकूलन यंत्र, म्हणजे आपण ज्यास 'एसी' म्हणतो ते, येऊन बसले आहे. कोठे वृद्ध आईवडिलांसाठी, कोठे तान्ह्या बाळासाठी, कोठे आजारी माणसासाठी ते घेतले जाते. ती चैन आहे असे म्हणून भागत नाही.

परंतु यंत्र घेताना किमतीचा विचार चार दिवस होतो. त्याच्या दुरुस्तीचा विचार मात्र क्षणभरही होत नाही. मग खर्चाचा आकडा समोर येतो तो नेमका मे महिन्यात, जेव्हा मिरगापूर्वी कपाशीच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी पैसा राखून ठेवावयाचा असतो. तेव्हा हा खर्च कशाने वाढतो आणि कशाने आटोक्यात राहतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबातील गोष्ट सांगतो. घरातील आजोबांस उन्हाळा सोसत नव्हता, म्हणून हप्त्यांवर यंत्र घेतले. तिसऱ्या उन्हाळ्यात हवा थंड होईना. मिस्त्री आला, "गॅस संपला" म्हणाला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. चौथ्या खेपेस दुसरा एक वयस्क कारागीर आला. त्याने नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले, तो एका सांध्याशी बुडबुडे उठू लागले. तो घरधन्यास म्हणाला, "दादा, गॅस म्हणजे काही रॉकेल नव्हे, जळून संपायला. तो गळतो. घागर फुटकी असताना तुम्ही तीन वर्षे पाणीच भरीत बसलात." सांधा नीट बसविला गेला आणि रोग मिटला. तीन वर्षांत गेलेला पैसा मात्र परत आला नाही.

ह्या कारागिराचे बोलणे शास्त्रास धरून आहे. यंत्रातील गॅस बंद नळ्यांतून सतत फिरत असतो. खोलीतील भागात तो उष्णता शोषून घेतो; बाहेरच्या भागातील कॉम्प्रेसर त्यास दाबतो आणि ती उष्णता बाहेरच्या हवेत टाकली जाते. १९०२ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी विलिस कॅरियर ह्या तरुण अभियंत्याने यंत्राने हवेचा ओलावा ताब्यात ठेवण्याची योजना आखली, तेव्हापासून ही विद्या वाढत आली आहे. यंत्राचे माप 'टन' हेही बर्फावरूनच पडले : सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता त्याच वेळात खोलीतून काढणारे यंत्र एक टनाचे. सारांश, नळ्या शाबूत असतील तर गॅस वर्षानुवर्षे पुरतो. दरवर्षी गॅस भरावा लागतो असे कोणी म्हणाल्यास गळती कोठे आहे, हा पहिला प्रश्न विचारावा.

आता खर्च कशावर अवलंबून असतो ते पाहू.

पहिली गोष्ट बिघाडाची. खोलीत पाणी ठिबकू लागले, तर बहुधा पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. ते काम किरकोळ. बाहेरचा पंखा फिरत नसेल वा कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर पुष्कळदा कपॅसिटर नावाचा लहानसा भाग गेलेला असतो. त्याचा खर्च शेकड्यांत राहतो. गॅसचे काम निघाले की हिशेब हजारांत जातो. पाल किंवा मुंग्या शिरून वा विजेच्या झटक्याने इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली, तर इन्व्हर्टर जातीच्या यंत्रात ती साध्या यंत्रापेक्षा महाग पडते. कॉम्प्रेसर गेला, तर तो सर्वांत मोठा खर्च.

दुसरी गोष्ट गॅसच्या जातीची. जुन्या यंत्रांत आर-२२ असे. तो ओझोनच्या थरास अपायकारक असल्याने १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने मागे घेतला जात आहे. नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ आणि काहींत आर-२९० असतो. हे दोन्ही पेट घेऊ शकतात, पहिला कमी आणि दुसरा अधिक. यास्तव तेथे अर्धवट शिकलेल्या हाताला वाव देऊ नये. तसेच तांब्याच्या गुंडाळीला डाग देणे सोपे. ॲल्युमिनियमची फुटली तर पुष्कळदा ती बदलावीच लागते.

तिसरी गोष्ट अंतराची आणि हंगामाची. कुशल कारागीर सुमारे ३० किलोमीटरवरील आदिलाबादेहून यावयाचा, तर त्याच्या येण्याजाण्याचे मोल आपणच देणार. त्यातून मे महिन्यात सर्वांचीच यंत्रे एकदम बिघडतात. तहान लागल्यावर विहीर खोदावयास निघालेल्याने भावाची घासाघीस कशी करावी? हेच काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच फेरीत करून घेतले, तर प्रवासाचा खर्च वाटला जातो आणि कारागीरही सवडीने काम करतो.

चौथी गोष्ट निगेची आणि विजेची. आपल्या जिल्ह्यात थंडीही कडाक्याची पडते, म्हणून यंत्र चार महिने बंद असते. त्याच दिवसांत कापूस वेचला जातो, गाड्या भरून जातो, आणि त्याचे तंतू व धूळ बाहेरच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी गुदमरली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो आणि एक दिवस बसतो. उंदीर तारा कुरतडतात ते निराळेच. आतील गाळणी हंगामात दर पंधरा दिवसांनी काढून पाण्याने धुवावी. हे काम घरातील शाळकरी मूलही करील, मात्र आधी वीज बंद करावी. नळीवर बर्फ साचला, तर लागलीच गॅसवर आळ घेऊ नये. मळलेल्या गाळणीमुळेही तसे होते. विजेचा दाब वरखाली होत असेल, तर स्टॅबिलायझर आणि नीट केलेले अर्थिंग ह्यांवरील खर्च वाया जात नाही. १८ अंशांऐवजी २४ ते २६ अंशांवर यंत्र चालविल्यास त्याचे श्रम आणि विजेचे बिल दोन्ही कमी होतात.

कारागीर दारी आल्यावर संकोच करू नये. आधी दोष सांगावयास लावावा, मग रक्कम ठरवावी. गॅसचे काम असेल तर चार गोष्टी विचाराव्या : गळती शोधली काय? नायट्रोजन भरून नळ्यांची परीक्षा केली काय? पंपाने नळ्यांतील हवा काढली काय? गॅस वजन करून भरला काय? गॅसचे नाव आणि वजन यंत्रावरील पट्टीवर छापलेले असते. ही सर्व कामे करणारा माणूस जास्त वेळ घेईल आणि चार पैसे जास्त मागेल. ते त्याच्या घामाचे पैसे आहेत, ते आनंदाने द्यावेत. दहा मिनिटांत गॅस भरून जाणारा स्वस्त वाटतो, पण अखेरीस तोच महाग पडतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि पावती घेतल्याविना पैसे देऊ नयेत.

'कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची हमी' हे शब्दही डोळे उघडे ठेवून वाचावेत. पुष्कळदा हमी त्या एका भागाची असते. गॅस, मजुरी आणि वाहतूक आपल्याच माथी येते. वार्षिक देखभालीच्या करारातही सुटे भाग धरले आहेत की केवळ मजुरी, हे लेखी पाहावे. फसवणूक झाली असे वाटल्यास २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आपल्या पाठीशी आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

यंत्र आठ-दहा वर्षांचे झाले असेल, त्यात जुना गॅस असेल आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्यापर्यंत जात असेल, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला करण्यात अर्थ नाही. अन्यथा दुरुस्तीच बरी.

त्या घरातील आजोबा आजही त्याच यंत्राच्या वाऱ्यात दुपारी डोळा लावतात. फेब्रुवारी संपता संपता सूनबाई बाहेरच्या जाळीवरील कापूस ब्रशाने हलकेच झाडते, नातू गाळणी धुतो, आणि मिरगाच्या बियाण्याचा पैसा डब्यात जागच्या जागी राहतो.