गोलकृमीतील मूलपेशी : संख्यावाढ आणि रूपांतर यांचे जनुकीय नियंत्रण

प्रास्ताविक : मूलपेशीपुढे दोन मार्ग असतात. विभाजित होऊन स्वतःसारख्याच पेशी निर्माण करणे, किंवा विशिष्ट कार्यासाठी रूपांतरित होणे. सर्वच पेशींनी दुसरा मार्ग धरला तर मूलपेशींचा साठा संपतो. एकीनेही धरला नाही तर गाठ वाढते. हा समतोल कसा राखला जातो, याचे एक स्पष्ट उत्तर सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक गोलकृमीने दिले आहे.

मूळ प्रयोग : या कृमीची जननग्रंथी नळीसारखी असते. तिच्या टोकावरील पेशीला 'टोकपेशी' म्हणू. टोकपेशीजवळ मूलपेशी असतात. तेथून दूर गेलेल्या पेशी अर्धसूत्री विभाजन सुरू करतात व त्यांतून शुक्रपेशी किंवा अंडपेशी बनतात. १९८१ मध्ये ज्युडिथ किंबल आणि जॉन व्हाइट यांनी लेसरने टोकपेशी नष्ट केली. तेव्हा सर्व मूलपेशी अर्धसूत्री विभाजनाकडे वळल्या. म्हणजेच, मूलपेशी राहायचे की नाही हे ती पेशी एकटी ठरवीत नाही. त्यासाठी शेजारच्या पेशीचा संकेत लागतो.

जनुकांचे कार्य : टोकपेशीच्या पृष्ठभागावर एलएजी-२ हे संकेत देणारे प्रथिन असते. मूलपेशीवरील जीएलपी-१ हे नॉच कुळातील प्रथिन तो संकेत स्वीकारते. मग त्याचा आतील भाग सुटून पेशीकेंद्रात जातो आणि एसवायजीएल-१ व एलएसटी-१ ही जनुके कार्यान्वित करतो. त्यांची प्रथिने एफबीएफ प्रथिनांच्या साहाय्याने जीएलडी-१ चे उत्पादन रोखतात. टोकापासून दूर हा संकेत क्षीण होतो, जीएलडी-१ साचते आणि रूपांतरास चालना मिळते.

जीएलपी-१ निकामी झाल्यास मूलपेशी लवकरच संपतात व मोजक्याच शुक्रपेशी उरतात. तेच सतत कार्यरत राहिल्यास गाठ होते.

निष्कर्ष : मानवातही नॉच कुळातील जनुके आहेत. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ जनुकात बदल असल्याचे २००४ मध्ये आढळले. मग नॉचचा संकेत औषधाने बंद का करू नये? तसे प्रयत्न झाले. पण आतड्याच्या मूलपेशींनाही तोच संकेत आवश्यक असल्याने रुग्णांना अतिसाराचा गंभीर त्रास झाला. संकेत अति झाला तरी हानी आणि थांबला तरी हानी, हाच या कृमीने दिलेला धडा होय.