शिल्लक १ डॉलर ३९ सेंट

१८६९चा हंगाम संपल्यावर अमेरिकेतल्या सिनसिनाटी बेसबॉल क्लबने वर्षाचा हिशेब मांडला. जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. त्या वर्षी क्लबचा संघ बोस्टनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत खेळून आला होता. बारा हजार मैलांच्या आसपास प्रवास झाला, दोन लाखांच्या घरात लोकांनी खेळ पाहिला आणि संघ एकदाही हरला नाही. झाडून सगळ्या खेळाडूंना उघडपणे, करार करून पगार देणारा बेसबॉलमधला हा पहिला संघ. त्याच्या अजिंक्यपणाचे पोवाडे अमेरिकेत दीडशे वर्षं गायले जात आहेत. मला मात्र ही शिल्लक जास्त बोलकी वाटते. पुढच्या वर्षी जे घडलं, त्याचं बरंचसं कारण या तीन ओळींत आहे.

बेसबॉल तेव्हा सभ्य गृहस्थांचा संध्याकाळचा विरंगुळा मानला जाई. वकील, कारकून, व्यापारी क्लब काढत आणि कामावरून सुटल्यावर खेळत. १८५७ साली या क्लबांची राष्ट्रीय संघटना झाली आणि खेळाडूने खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत, असा तिचा नियम ठरला. नियम कागदावर राहिला. जिंकायची चटक लागली की चांगला खेळाडू हवा आणि तो फुकट कशाला येईल? मग त्याला कुठल्या तरी कचेरीत नावापुरती नोकरी दिली जाई. जॉर्ज राइट हा त्या काळचा सर्वांत तल्लख शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या (धावताना गाठायच्या टप्प्यांच्या) मधला रखवालदार. १८६७ साली तो वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघात होता. कागदोपत्री तो कारकून होता आणि त्याच्या कामाचा पत्ताही दिलेला होता. त्या पत्त्यावर होती एक सार्वजनिक बाग.

याच नॅशनल्सनी १८६७च्या जुलैमध्ये सिनसिनाटीला येऊन तिथल्या क्लबचा ५३-१० असा फडशा पाडला. ओहायो नदीकाठचं हे शहर डुकराच्या मांसाच्या व्यापारावर गबर झालेलं. पूर्वेकडची शहरं त्याला नाक मुरडत. पराभव जिव्हारी लागला. क्लबचा अध्यक्ष आरन चॅम्पियन हा तरुण वकील. त्याने भागभांडवल उभं केलं, मैदान सजवलं आणि बाहेरगावचे खेळाडू आणायला सुरुवात केली. १८६८च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय संघटनेने वस्तुस्थितीपुढे मान तुकवून व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. (याच संघटनेने वर्षभर आधी कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना दार बंद केलं होतं. पगाराबाबत उदार झालेली मंडळी रंगाबाबत झाली नाहीत.) चोरून पैसे देण्यापेक्षा उघड द्यावेत, असं चॅम्पियनने ठरवलं आणि संघ बांधायचं काम हॅरी राइटवर सोपवलं.

हॅरी हा जॉर्जचा थोरला भाऊ. मूळचा क्रिकेटवाला, हे आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं. जन्म १८३५चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. वडील सॅम राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचे पगारी खेळाडू होते. हॅरी दागिने घडवायचं काम शिकला, पण रमला मैदानावर. सिनसिनाटीत तो आला तोच मुळी युनियन क्रिकेट क्लबचा व्यावसायिक म्हणून, वर्षाला १,२०० डॉलरवर. तिथून त्याच पगारावर तो बेसबॉलकडे वळला. खेळून पैसे घेण्यात क्रिकेटमध्ये चोरी नव्हती. ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ असे दोन वर्ग इंग्लंडने उघड मान्य केले होते. क्रिकेट व्यावसायिकाच्या घरात वाढलेल्या माणसाला सरावाला वेळेवर येणं, शरीर राखणं आणि ठरलेला पगार घेणं यात लाजण्यासारखं काही वाटत नव्हतं. माझ्या मते ही दृष्टी हीच हॅरीची खरी देणगी, आणि ती त्याच्याकडे क्रिकेटमधून आली.

करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा आठ महिन्यांचा. प्रचलित आकडे असे: जॉर्जला १,४०० डॉलर, कर्णधार हॅरीला १,२००, पिचर एसा ब्रेनर्डला १,१००, तिसऱ्या बेसवरच्या फ्रेड वॉटरमनला १,०००, आणखी पाच जणांना प्रत्येकी ८०० आणि राखीव डिक हर्लीला ६००. बेरीज ९,३००. जमलेली मंडळी कष्टकरी होती. अँडी लेनर्ड आणि चार्ली स्वीझी टोप्या बनवणारे, कॅचर डग ॲलिसन संगमरवर घडवणारा, जेमतेम एकोणीस वर्षांचा कॅल मॅकव्ही पियानो बनवणारा, पहिल्या बेसवरचा चार्ली गूल्ड हिशेबनीस. दहांपैकी सिनसिनाटीचा म्हणावा असा हा एकटा गूल्ड. शहराचा अभिमान ज्यांनी वाहायचा, ते नऊ जण उपरे! आजच्या लीग क्रिकेटच्या प्रेक्षकाला याचं काही वाटणार नाही. तेव्हा त्यावरून टीका झाली.

पोशाखही नवा. तोवर खेळाडू पायघोळ विजारी घालत. या संघाने गुडघ्यापर्यंतच्या आखूड विजारी आणि खाली लालभडक मोजे घातले. पांढरा फ्लॅनेलचा सदरा, छातीवर लाल ‘सी’. पुरुषांनी पोटऱ्या दाखवत हिंडावं हे काहींना असभ्य वाटलं, पण लोकांच्या डोळ्यांत भरले ते मोजेच आणि संघाचं नावच पडलं रेड स्टॉकिंग्ज.

तेव्हाचा खेळ आजच्या बेसबॉलहून बराच वेगळा. पिचर पंचेचाळीस फुटांवरून चेंडू खालून, हात न वळवता फेकी. हातमोजे नव्हते, बॅटरमागे कॅचर उघड्या हातांनी उभा राही आणि हंगामाअखेर बोटं वाकडी होत. हद्दीबाहेर उडालेला फाउल चेंडू एका टप्प्यावर झेलला तरी बॅटर बाद, म्हणजे आपल्या गल्लीतलाच ‘वन टप्पा आऊट’. तरीही धावा पन्नास-साठच्या घरात सहज जात. अशा खेळात हॅरीने शिस्त आणली. चेंडू एकाकडे गेला की दुसऱ्याने त्याच्या मागे आधाराला धावायचं, फेक कुणाकडे करायची ते आधी ओरडून सांगायचं, रोज सराव करायचा, दारू आवरायची. ब्रेनर्डची वेगवान फेक समोरच्याच्या सवयीची झाली की हॅरी सेंटरफील्डमधून पुढे येऊन संथ, भुलवणारे चेंडू टाकी. जॉर्जची तर वेगळीच करामत. बेसवर माणसं असताना उंच उडालेला सोपा झेल तो मुद्दाम हातातून सोडी. झेल होणार म्हणून बेसवरचे धावपटू जागीच थबकलेले. झेल सुटला की त्यांना पळणं भाग; हा चेंडू उचलून दोघांना बाद करून मोकळा. हा लबाड मार्ग बंद करणारा नियम यायला १८९५ साल उजाडलं.

पगारी संघाचा पहिला सामना ४ मे १८६९ला झाला. गावातल्याच ग्रेट वेस्टर्न संघाला ४५-९ने हरवलं. महिनाअखेर मंडळी पूर्वेच्या दौऱ्यावर निघाली. सुरुवातीलाच पावसाने पाणी फिरवलं आणि प्रवेशशुल्क बुडालं. पण ट्रॉय गावच्या हेमेकर्सविरुद्ध ३७-३१ असा विजय मिळाला आणि गाडी रुळावर आली.

खरी परीक्षा न्यूयॉर्कला. १५ जूनला गाठ होती म्युच्युअल्सशी. ज्या काळी वीस धावांना कुणी विचारत नसे, त्या काळात हा सामना ४-२ असा संपला! इतकी चोख रखवाली लोकांनी पाहिलीच नव्हती. इकडे सिनसिनाटीत गिब्सन हाउस हॉटेलसमोर तारेची वाट पाहत गर्दी थांबलेली. बातमी आली आणि एकच जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनच्या अटलांटिक्सना ३२-१०, मग एकफर्ड्सना २४-५, फिलाडेल्फियाच्या ॲथलेटिक्सना २७-१८. वॉशिंग्टनमध्ये ज्या नॅशनल्सनी दोन वर्षांपूर्वी नाक कापलं होतं, त्यांना २४-८ने धूळ चारली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचीही भेट झाली. १ जुलैला संघ परतला तेव्हा शहराने मिरवणूक काढली, मेजवानी दिली आणि एका लाकूड व्यापाऱ्याच्या कंपनीने सत्तावीस फूट लांबीची बॅट भेट दिली. ती कुठे ठेवली असेल, असा प्रश्न मला वाचल्यापासून पडला आहे.

विक्रमाला एकच डाग, आणि तो जुगाराचा. २६ ऑगस्टला हेमेकर्स सिनसिनाटीला आले. पाच डाव झाल्यावर धावा १७-१७. सहाव्यात मॅकव्हीच्या फाउलवरून वाद झाला. झेल घेतला, असं ट्रॉयचा कॅचर म्हणे. पंचाला ते पटेना. ट्रॉयच्या अध्यक्षाने तडकाफडकी संघ मैदानाबाहेर नेला. ट्रॉयच्या बाजूने मोठाल्या पैजा लागल्या होत्या आणि त्या बुडू नयेत म्हणून हा कांगावा, अशी उघड चर्चा झाली. पंचाने सामना सिनसिनाटीला दिला. तो विजय धरायचा की बरोबरी, यावर आजही इतिहासकारांचे आकडे जुळत नाहीत. ५७ विजय हा रूढ आकडा.

१० मे १८६९ला युटामध्ये पूर्व आणि पश्चिमेचे रूळ जोडले गेले होते. चार महिन्यांत हा संघ त्याच मार्गाने पॅसिफिक किनाऱ्यावर पोचला. तिथले सामने म्हणजे नुसती कत्तल: ३५-४, ६६-४, ७६-५. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

इतकं होऊन शिल्लक १ डॉलर ३९ सेंट. म्हणजे क्लब जिंकत होता म्हणून जेमतेम तरला होता. लोक बेसबॉलपेक्षा अजिंक्य संघ पाहायला येत होते आणि ही उत्सुकता एका पराभवावर टांगलेली होती.

तो पराभव १४ जून १८७०ला ब्रुकलिनच्या कॅपिटोलिन मैदानावर झाला. समोर अटलांटिक्स, तिकीट पन्नास सेंट, हजारोंची गर्दी. नऊ डावांनंतर ५-५. अटलांटिक्सना बरोबरी चालणार होती. त्यांनी आवराआवरही सुरू केली. हॅरी अडून बसला. नियमाप्रमाणे निकाल लागेपर्यंत खेळायचं. बरोबरी घेतली असती तर अजिंक्यपण शाबूत राहिलं असतं, पण तो नियमाचा माणूस. अकराव्या डावात सिनसिनाटीने दोन धावा काढल्या, ७-५. मग अटलांटिक्सच्या जो स्टार्टने उजवीकडे असा टोला मारला की चेंडू प्रेक्षकांत घुसला; मॅकव्हीला तो गर्दीतून ओढून काढावा लागला. ७-६. पुढचा बॉब फर्ग्युसन. जॉर्ज राइटच्या बाजूला चेंडू जाऊ नये म्हणून हा उजवा खेळाडू चक्क डावखुरा उभा राहिला आणि त्याने बरोबरी साधली. थोड्याच वेळात दुसऱ्या बेसकडची एक फेक चुकली आणि फर्ग्युसन धावत घरी आला. ८-७. क्लबचा अध्यक्ष चॅम्पियन हॉटेलच्या खोलीत रडला, असं सांगतात. गावाला तार मात्र त्याने ताठ मानेने केली.

त्या वर्षी संघ आणखी पाच सामने हरला. साठाहून जास्त जिंकलाही. पण घरचे प्रेक्षक पांगले, पगाराचे आकडे वाढत चालले. नोव्हेंबर १८७०मध्ये क्लबने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी संघ ठेवणार नाही. कुणी दिवाळखोर म्हणो, मला हा निर्णय प्रामाणिक वाटतो. पैसे नव्हते, तर नाही म्हणून सांगितलं. चुकलं ते इतकंच की हरणाऱ्या वर्षाची तरतूद कुणीच केली नव्हती.

बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी संधी साधली. हॅरी, जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्ही तिकडे गेले, जाताना रेड स्टॉकिंग्ज हे नावही घेऊन गेले. उरलेल्यांपैकी पाच जण वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक्सकडे. १८७२ ते १८७५ सलग चार वर्षं बोस्टनने व्यावसायिक संघांचं विजेतेपद मिळवलं. १८७४ला हॅरीने आपला संघ आणि फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स यांना इंग्लंडला नेलं. बेसबॉलबरोबर ते तिथे क्रिकेटही खेळले, अकरांऐवजी अठरा जण घेऊन, आणि क्रिकेटचा एकही सामना हरले नाहीत.

बेसबॉलच्या सन्मान दालनात जॉर्जची निवड १९३७ साली झाली, हॅरीची १९५३ साली. सिनसिनाटीचा आजचा रेड्स संघ १८६९च्या नावाने उत्सव साजरे करतो, पण तो सुरू झाला १८८०च्या दशकात. जुन्या क्लबशी त्याचं नातं फक्त गावाचं. हॅरीने बोस्टनला उभा केलेला संघ मात्र कधीच बंद पडला नाही. १९५३ला तो मिलवॉकीला गेला, १९६६ला अटलांटाला, आणि अटलांटा ब्रेव्हज या नावाने आजही खेळतो आहे.